राणीच्या पोटाचं त्या बाईंना कळलं होतं का?

कुत्रीचे टाके काढायला आलेल्या एका ताईंनी मला माझ्या जनावरांच्या दवाखान्यात एक प्रश्न विचारला, फोटोवरून प्राण्यांशी बोलणाऱ्या एका बाईंबद्दलचा. बाहेर चार जण आपापली जनावरं धरून थांबले होते. मी घाईत दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि ताईंचा चेहरा उतरला. ते उत्तर अपुरं होतं, म्हणून आज नीट बसून लिहितोय. त्यांची परवानगी घेतली आहे. कुत्रीचं नाव तेवढं बदललंय.

ज्यांना प्रसंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राणी ही ९ वर्षांची लॅब्रॅडॉर, नसबंदी न केलेली, नाशिकला गंगापूर रोडला राहते. ताईंचे सासरे, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, मार्गशीर्षात गेले. राणी खरं तर त्यांचीच. पहाटे दोघं सोमेश्वरच्या देवळापर्यंत फिरून यायची. अण्णा गेल्यावर ती दाराशी बसून राहू लागली. जानेवारीत हीटवर, म्हणजे माजावर, येऊन गेली आणि फेब्रुवारीच्या शेवटी तिनं जेवण सोडलं. सोसायटीतल्या कुणीतरी एका ॲनिमल कम्युनिकेटर बाईंचा नंबर दिला. फोटो पाहून त्या प्राण्यांशी मनातल्या मनात बोलतात, असं सांगितलं गेलं. २१०० रुपये, व्हॉट्सॲपवर ३ फोटो, ३८ मिनिटांचा फोन. बाईंनी सांगितलं की राणी अण्णांची वाट बघतेय, तिनं दुःख पोटात ठेवलंय, पोटाशी जडपणा आहे, तिला सुयांची भीती वाटते. ९ दिवस डॉक्टरकडे नेऊ नका, शांत राहू द्या.

सातव्या रात्री ११ वाजता ताईंचा मला फोन आला. राणी उठत नव्हती. मी म्हटलं, ओठ वर करा, हिरडीवर बोट दाबून सोडा, रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजा. दोन मोजायच्या आत हिरडी पुन्हा गुलाबी व्हायला हवी. ताईंनी चारपर्यंत मोजलं. पाणी किती पिते, असं विचारलं तर म्हणाल्या, "भांडं भरलं की रिकामं. आम्हाला वाटलं, ऊन वाढलंय." मग मी पुढचं काही विचारलं नाही, लगेच निघायला सांगितलं.

सोनोग्राफीत गर्भाशय पुवानं भरलेलं दिसलं. पायोमेट्रा. गर्भाशयाचं तोंड बंद असल्यामुळे बाहेर एक थेंबही आला नव्हता. रात्रभर सलाईन आणि अँटिबायोटिक देऊन पहाटे ऑपरेशन केलं. काढलेली पिशवी काट्यावर ठेवली तर दोन किलोच्या वर भरली. राणी वाचली.

आणि ताईंचा प्रश्न हा: "डॉक्टर, सोनोग्राफीच्या आठवडाभर आधी त्या बाई पोटाचंच बोलल्या होत्या. म्हणजे त्यांना कळलं होतं ना? मग राणीनं मला माफ केलंय का, तेही त्यांनाच विचारू का?"

ताई, तुम्ही फोनचं रेकॉर्डिंग मला पाठवलंत. ते मी दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा वही घेऊन बसलो, पानावर मधोमध रेघ मारली आणि प्रत्येक गोष्ट आधी कुणाच्या तोंडून आली ते लिहीत गेलो. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला त्या.

तिसऱ्या मिनिटाला त्या म्हणतात, "घरात कुणाची तरी कमी जाणवतेय." आणि थांबतात. तो थांबा बराच लांब आहे, मागे तुमच्या पंख्याचा आवाज ऐकू येतो. मग तुम्ही म्हणता, "हो, अण्णा... माझे सासरे." तुमचा आवाज तिथे भरून आलाय. पुढे २० मिनिटांनी त्या म्हणतात, "राणी अण्णा-अण्णा म्हणतेय," आणि तुम्ही रडायला लागता. तोवर तुमच्या लक्षातही राहिलेलं नाही की ते नाव तुम्हीच दिलं होतं.

आता पोट. ११ व्या मिनिटाला तुम्ही सांगता की दोन दिवस जेवलेली नाही, पोट फुगल्यासारखं वाटतंय. १४ व्या मिनिटाला त्या म्हणतात, पोटाशी जडपणा आहे. माझ्या वहीत पोट तुमच्या बाजूला आधी आलंय. त्याच फोनमध्ये त्यांनी मानेचं विचारलं, तुम्ही नाही म्हणालात. कानांचं विचारलं, नाही. दातांचं विचारलं, तुम्ही म्हणालात, असेल. उजव्या मागच्या पायाचं विचारलं, तुम्ही म्हणालात, हो हो, जिना चढताना थांबते. नऊ वर्षांच्या लॅब्रॅडॉरचा मागचा पाय दुखतो असं मी न बघता सांगितलं तरी बहुतेक वेळा बरोबर येईल. या जातीत खुब्याचा त्रास घरोघरी दिसतो. मान आणि कान तुम्ही विसरलात, पोट आणि पाय लक्षात राहिले. हा तुमचा दोष नाही. लागलेलं लक्षात ठेवायचं आणि हुकलेलं सोडून द्यायचं, ही माणसाच्या मनाची ठेवणच आहे.

"पाणी आणि देऊळ दिसतंय" या वाक्यानं तुम्हाला सोमेश्वर आठवलं. पंचवटीतल्या माणसाला रामकुंड आठवलं असतं, आनंदवलीच्या माणसाला नवश्या गणपती. नाशिकमध्ये कुत्र्याला घेऊन कुठल्याही दिशेला निघा, पाणी आणि देऊळ लागणारच. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांना "हे तुझं स्वभाववर्णन" म्हणून एकेक कागद दिला. किती जुळतं त्याला ५ पैकी गुण द्यायचे होते. सरासरी ४.२६ आली. आणि सगळ्यांना दिलेला मजकूर अक्षरशः एकच होता.

म्हणजे बाई लबाड होत्या का? मला तसं वाटत नाही. रेकॉर्डिंगमधला त्यांचा आवाज ऐकून मला वाटतं, त्यांचा स्वतःचाही त्यावर पूर्ण विश्वास आहे. आपल्याकडे दारावर नंदीबैल येतो. मालक विचारतो, "पाऊस पडंल का?" आणि बैल मान डोलावतो. मालकाचा हात दोरीवर कसा आहे, ढोलकी कुठे थांबली, हे बैल वर्षानुवर्षं बघत आलेला असतो. तो मालकाला वाचतो. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त गणितशिक्षकाचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजा सांगायचा. १९०४ मध्ये तज्ज्ञांची समिती बसली, तिला कसलीही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकानं एक साधी गोष्ट केली. उत्तर स्वतःलाच माहीत नसलेला माणूस प्रश्न विचारायला उभा केला. घोडा चुकू लागला. विचारणारा दिसू दिला नाही, तरीही चुकू लागला. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं केसभर हलायचं, आणि हान्स तेवढ्यावर थांबायचा. १९०७ मध्ये फुंग्स्टनं हे सगळं लिहून मांडलं. फॉन ऑस्टेन यांनी शेवटपर्यंत ते मानलं नाही. घोड्याला गणित येतं यावर त्यांची मनापासून श्रद्धा होती.

तुमच्या फोनवर राणी नव्हतीच. ती दुसऱ्या खोलीत पडून होती. त्या बाई वाचत होत्या त्या तुम्हाला. तुमचा हुंदका, तुमचं "हो हो", तुमचं गप्प होणं. त्यात त्या तरबेज आहेत, आणि तेही कसब आहे. पण त्यातून राणीच्या रक्तातली पांढऱ्या पेशींची संख्या कळत नाही.

मला खरा राग येतो तो एकाच वाक्याचा: "डॉक्टरकडे नेऊ नका." पोटात काहीतरी जड आहे हे कुणालाही, कसंही जाणवलं, तर पुढचं वाक्य "आजच दाखवा" हेच असायला हवं. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. त्यानुसार प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. कुणाला प्राण्याशी मनानं बोलायचं असेल तर त्यांनी बोलावं. उपचार थांबवायला सांगणं मात्र त्यांच्या हातात नाही. पायोमेट्रात एकेक दिवस मोलाचा असतो. हीट संपल्यानंतर साधारण ४ ते ८ आठवड्यांत हा आजार दिसतो. पुवातल्या जंतूंचं विष मूत्रपिंडावर परिणाम करतं, लघवी पातळ होते, म्हणून कुत्री सारखं पाणी पिते. स्वीडनमध्ये कुत्र्यांच्या विम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा नसबंदी न केलेल्या मादींपैकी जवळपास चौथ्या हिश्शाला वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत हा आजार झालेला दिसला. इतका तो नेहमीचा आहे. आणि तुमच्यासारख्या किती जणींना हे कुणी सांगितलेलंच नसतं. राणी दर वर्षी लसीला येत होती. तेव्हा मी स्वतः नसबंदीचा विषय एकदा काढला होता, अण्णा नको म्हणाले आणि मी सोडून दिला. मी पुन्हा-पुन्हा बोलायला हवं होतं. ती चूक माझी.

काही वर्षांपूर्वी पंचवटीतून एक मांजर आली होती. चार दिवस एका जागी मान पुढे ताणून, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून बसलेली. तिच्याबद्दलही कुणीतरी फोटो बघून सांगितलं होतं की ती अंतर्मुख झालीय, तिला एकांत हवाय. मांजर अशी बसते ती श्वास पुरत नसला की. तिच्या छातीत पाणी झालं होतं. ऑक्सिजन लावता लावता ती गेली. फोटोत ती बसण्याची ढब स्वच्छ दिसत होती. तो फोटो आजही माझ्या मोबाईलमध्ये आहे आणि शिकायला येणाऱ्या मुलांना मी तो दाखवतो.

तुम्ही म्हणालात, माउलींनी रेड्याच्या मुखी वेद वदवले, मग हे अशक्य का मानायचं? ती श्रद्धेची जागा आहे, तिथे माझी हातोडी-कानस मी नेत नाही. पण त्याच कथेत रेड्याच्या पाठीवर बसलेले आसुडाचे वळ माउलींच्या पाठीवर उमटले असंही सांगतात. मला लहानपणापासून त्यातला तो भाग धरून ठेवावासा वाटतो. जनावराच्या देहावर काय झालंय तिकडे डोळे लागलेले असणं, एवढं माझ्या व्यवसायाला पुरतं.

आणि जनावर बोलतं, ताई. निफाड-दिंडोरीकडे गोठ्यावर जातो तेव्हा शेतकरी फोनवरच सांगतो, "डॉक्टर, गाय रवंथ करीना, कान गार लागत्यात." नुकत्याच व्यालेल्या गाईचे कान गार म्हटल्यावर मी कॅल्शियमची बाटली घेऊनच निघतो. त्या माणसानं कुठला कोर्स केलेला नसतो. रोज सकाळी धार काढताना त्याचा हात तिच्या अंगावरून फिरतो, म्हणून कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे ते त्याच्या हाताला कळतं. शेणाचा वास, डोळ्यातलं पाणी, दावणीला उभं राहण्याची तऱ्हा. प्राण्यांशी संवाद म्हणजे मला तरी हाच माहीत आहे. फ्लॅटमधल्या कुत्र्या-मांजरांशीही तो करता येतो. झोपेत असताना छाती मिनिटाला किती वेळा वरखाली होते ते मोजा, ३० च्या आत हवी. पाणी एकदा मापानं ओता. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर जायला लागलं तर ते उन्हामुळे नव्हे. राणीचं वजन ३१ किलो, म्हणजे तीन लिटर. मांजरांसाठी तर मॉन्ट्रियल विद्यापीठानं २०१९ मध्ये चेहऱ्यावरून वेदना ओळखायची पट्टी तयार केली: कानांची ठेवण, डोळे बारीक होणं, नाकातोंडाचा ताण, मिशा, आणि खांद्याच्या रेषेत डोकं कुठे आहे. पाच गोष्टी. घरबसल्या कुणालाही बघता येतात.

आता अण्णांचं. राणी दुःखात नव्हती, असं मी म्हणत नाही. इटलीत ४२६ पशुपालकांना विचारलं होतं, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. घरातला जोडीदार कुत्रा गेल्यावर मागे राहिलेल्याच्या वागण्यात ८६ टक्के लोकांना बदल दिसला होता. खेळणं कमी, झोप जास्त, खाण्यावरची वासना कमी. माणूस गेल्यावरही असंच होताना मी कितीतरी घरांत पाहिलंय. पण दुःख आणि आजार एकाच देहात एकाच वेळी राहू शकतात. जपानमधला हाचिको सगळ्यांना माहीत आहे. मालक प्रोफेसर उएनो १९२५ मध्ये गेले आणि तो १९३५ मध्ये मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर जात राहिला. त्याचे अवयव जपून ठेवलेले होते. २०११ मध्ये त्यांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्याला हृदयाचा आणि फुफ्फुसांचा कर्करोग होता असं निघालं. शिवाय हृदयात जंतही होते. जगानं ज्याला निष्ठेचा पुतळा मानलं, त्या कुत्र्याच्या छातीत हे सगळं चाललेलं होतं. म्हणून म्हणतो, नऊ वर्षांच्या वर वय असलेलं जनावर दोन वेळा जेवलं नाही, तर कारण दुःखाचं आहे असं कितीही वाटलं तरी आधी तपासणी करायची. रक्त, लघवी, गरज असेल तर सोनोग्राफी. सगळं स्वच्छ निघालं तर मग दुःखावर बोलू.

लोक कम्युनिकेटरकडे का जातात, तेही मला माहीत आहे. आम्ही दहा मिनिटांत मोकळे होतो. तापमान, इंजेक्शन, चिठ्ठी, पुढचा. त्या बाई तुमच्याशी ३८ मिनिटं बोलल्या, त्यांनी अण्णांची चौकशी केली, राणीचं लहानपण विचारलं. माझ्या टेबलाशी तुम्हाला हे कधी मिळालं नव्हतं. त्या रात्री गाडीत बसल्यावर तुमचं पहिलं वाक्य होतं, "अण्णांची एवढीच आठवण उरलीय." हे मला आधी ठाऊक असतं, तर जानेवारीत मीच फोन करून राणीची चौकशी केली असती. आता दवाखान्यात गुरुवारची संध्याकाळ मोकळी ठेवायला लागलोय, फक्त म्हाताऱ्या जनावरांसाठी. घाई न करता बसायचं.

आता माफीचं. राणीचे टाके काढताना तिनं तुमच्याकडे कान पाडून पाहिलं आणि तुम्ही म्हणालात, "बघा, रागावलीय." अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये कुत्र्यांच्या अपराधी चेहऱ्यावर एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्यानं खरंच खाऊ चोरलाय की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंध नव्हता. मालक रागावला की तो चेहरा यायचा, निरपराध कुत्र्याच्याही. त्याच्या तोंडावर आपण आपलंच मन वाचत असतो. राणीचे कान पडले कारण मी चिमटा हातात घेतला होता आणि टेबल गार होतं. चिमटा ठेवल्यावर तिनं काय केलं ते तुम्ही डोळे पुसत होतात म्हणून पाहिलं नाहीत. मी पाहिलं. तिनं डोकं तुमच्या कोपराखाली घातलं आणि जोर लावून हात वर उचलला, अंगावरून फिरवून घ्यायला. वाट बघण्यात गेलेले सात दिवस मोजून ती तुमच्याशी हिशेब करत असेल, असं मानायला कुत्र्यांबद्दल मला जे कळतं त्यात काहीच आधार नाही. तिला हात हवा होता आणि तो मिळाला.

तरीही तुम्हाला त्या बाईंशी बोलून बरं वाटत असेल, तर मी अडवणार नाही. एवढंच करा: तुम्हालाच माहीत नसलेलं काहीतरी विचारा. अण्णांच्या बहिणीला घरी बोलवा, तिनं राणीला एकटीला खोलीत नेऊन कुठलीही एक वस्तू हुंगायला द्यावी आणि तुम्हाला सांगू नये. मग बाईंना विचारा, राणीनं आज काय हुंगलं. असं पाच वेगवेगळ्या दिवशी करा आणि वहीत लिहा. फुंग्स्टनं घोड्याबरोबर जे केलं तेच हे, खर्च काही नाही.

दाराशी बसण्याबद्दल. ती तिथे असताना तिला गोंजारत बसू नका आणि हाकलूही नका. अण्णांच्या वेळेला, पहाटे साडेपाचला, पट्टा काढा आणि सोमेश्वरच्याच रस्त्यानं न्या. पहिले दोन आठवडे अर्ध्या वाटेवरून परत फिरा, टाक्यांची जागा अजून कोवळी आहे. जिथे अण्णा चहाला थांबायचे तिथे ती थांबेल. थांबू द्या, ओढू नका. पिशवी काढली म्हणजे नसबंदीच झाली, त्यामुळे आता वजन पटकन वाढेल, आणि मागच्या पायांना ते झेपणार नाही. म्हणून जेवण चौथ्या हिश्शानं कमी करा, भाकरीवरचं तूप बंद. पाणी आणखी महिनाभर मापानंच द्या आणि आकडा रोज लिहा; मूत्रपिंडं पूर्ववत झाली का ते मला त्यावरून कळेल. गुरुवारी संध्याकाळी सहानंतर ती वही आणि राणी, दोघींना घेऊन या.